पहिल्या गठ्ठ्याचं नाव

६ नोव्हेंबर, बुधवार

फोन दिल्लीहून होता. बाई हिंदीत बोलत होती, नाव रीता. पहिलंच वाक्य — "अंकल, आप बैठे हैं ना?" तिथेच समजलं. वाईट बातमीवाला माणूस आधी आपली बसायची सोय बघतो.

योगेंद्र बेपत्ता आहे. सोमवारी दुपारी ताडपत्र्या घेऊन निर्वासितांच्या एका छावणीकडे निघाला होता. गाडीत तो आणि ड्रायव्हर, दोघंच. गाडी रस्त्यात सापडली. माणसं नाहीत.

देशाचं नाव कुणाला सांगू नका, कुठे लिहू नका म्हणाली. म्हणून इथेही लिहीत नाही. आफ्रिका एवढंच.

रुख्मा समोर गहू निवडत होती. मी फोन ठेवायच्या आधीच म्हणाली, "पोराचं काही आहे न?" ताट मांडीवरच राहिलं. संध्याकाळपर्यंत तिथंच.

७ नोव्हेंबर

रोज अकराला फोन येणार. योगेंद्रच्या मदतसंस्थेत रीताची नोकरीच ही आहे — माणूस संकटात पडला की त्याच्या घरच्यांशी बोलायचं. दुनियेत अशीही नोकरी असते! पगार किती का असेना, मी केली नसती.

आज विचारलं, पैसे मागितले का कोणी? म्हणाली, त्यावर मी बोलू शकत नाही. पलीकडे पेनचं टोपण टकटक वाजवत होती. म्हणजे तिलाही माहीत नाही. माहीत असतं तर हात थांबला असता.

९ नोव्हेंबर

आज रीताकडून सगळी माणसं समजून घेतली. कोण कोण असतं तिकडे? डॉक्टर, नर्सा हे ठाऊकच होतं. पण पाणी आणि संडास बघायला वेगळा इंजिनिअर. दुभाषी. नुसती सुरक्षा बघणारा एक साहेब. आणि एक माणूस म्हणे फक्त अफवा ऐकायला! छावणीत लोक काय बोलून राह्यले ते ऐकायचं आणि वरती कळवायचं. मी म्हणालो, बेटा, ही नोकरी मले द्यायले पाहिजे होती. ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. मीही हसलो.

योगेंद्रचं पद — सप्लाय लॉजिस्टिशियन. म्हणजे गोदाम. कोणता माल आला, कोणता गेला, कुठे ओल लागली. ह्यासाठी पुण्याला शिकवला! मी सिंदीच्या स्टेशनबाहेर रिकामी पोती विकत उभा राहिलो, पोराला गोदामाच्या धुळीतून बाहेर काढायचं म्हणून. आणि तो सात समुद्र ओलांडून ताडपत्र्यांच्याच गठ्ठ्यांवर जाऊन बसला.

गावात मात्र तो डॉक्टर आहे. मी तसं कधी म्हटलं नाही. "डॉक्टरांच्या संस्थेत आहे" एवढंच म्हटलं आणि पुढचं लोकांवर सोडलं. आज जिनिंगवाला गजेंद्र कापसासाठी बारदाना, रिकामी पोती, घ्यायला आला. "काय रूपरावभाऊ, डॉक्टरसाहेब दिवाळीले नाई आले?" मी म्हणालो, काम हाय त्याले.

१० नोव्हेंबर

काही नाही. फोन चार मिनिटं.

१२ नोव्हेंबर

ड्रायव्हरवर माझा संशय आहे. रस्ता त्याचा, भाषा त्याची, ओळखी त्याच्या. इतकी वर्षं ट्रकवाल्यांशी व्यवहार केला आहे, मला कोणी शिकवू नये. रुख्माला म्हणालो तर चिडली. "त्याची बी माय असंन न कुठं! तिले कोण फोन करते?"

म्हणून रीताला तेच विचारलं. म्हणाली, तो स्थानिक कर्मचारी आहे, त्याच्या घरचं तिथलं ऑफिस बघतं. रोज अकराला? नाही, रोज नाही. नाव इद्रिस. चार लेकरं.

संशय तरीही गेला नाही. खरं तेच लिहितो.

योगेंद्रचा शेवटचा फोन आठवतो. दिवाळीला, चेहरा दिसणारा. मागे हमाल एकमेकांच्या हातात गठ्ठे देत होते. "बाबा, आयका! आयका न!" म्हणत त्याने फोन त्यांच्याकडे फिरवला. जनरेटरची नुसती धडधड. दुरून गाडी आली तर मालगाडी की पॅसेंजर ते मी दुकानात बसून आवाजावरून सांगतो, पण त्या धडधडीत एक अक्षर कळलं नाही. म्हणालो, बंद कर न ते यंत्र! हसला. "जाऊ द्या, घरी आलो का सांगतो."

१५ नोव्हेंबर

तिथल्या गावांतले काही म्हातारे मध्यस्थी करून राह्यले. पण पोरगा जिवंत आहे याची खूण हवी. असा प्रश्न, ज्याचं उत्तर फक्त योगेंद्र देऊ शकेल.

नोकरीवर रुजू होताना हा प्रश्न प्रत्येकाकडून लिहून घेतात म्हणे. योगेंद्रने काय लिहिलं होतं? प्रश्न — जन्मगाव. उत्तर — सिंदी रेल्वे. हे तर त्याच्या पासपोर्टावर छापलेलं आहे! दुसऱ्यांचे फॉर्म काळजीने भरून घेत असेल आणि स्वतःचा असा, घाईत, उभ्याउभ्या.

रीता म्हणाली, अंकल, आता प्रश्न तुम्हीच द्या.

१६ नोव्हेंबर

सकाळपासून दोघं तेच करतो आहोत. रुख्मा म्हणाली, त्याच्या मास्तरचं नाव. म्हणालो, ते वर्गातल्या चाळीस पोरांना ठाऊक. मग म्हणाली, पाठीवरचा चट्टा. म्हणालो, तो तर पकडणाऱ्यालाही दिसेल. हे बोललो आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं. ती उठून आत गेली.

तेवढ्यात गोदामात हिरालाल मोजायला लागला. हिरालाल माझा सगळ्यात जुना हमाल. आणि मला प्रश्न सापडला.

माल मोजताना पहिल्याला "एक" म्हणायचं नाही, ही व्यापाऱ्यांची जुनी रीत. पहिल्याला "लाभ" म्हणतात, मग दोन, तीन. माझ्याकडे "लाभ" नाही. माझ्याकडे "रुख्मा".

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पहिला बारदाना मालगाडीने आला, हमाल आलाच नाही. हिने पदर खोचला, पहिला गठ्ठा डोक्यावर घेतला आणि स्टेशनापासून चालत निघाली. मी मागून मोजत होतो. तोंडातून निघालं, "रुख्मा, दोन, तीन..." ती चालता चालताच फणकारली — "चारचौघांत बायकोचं नाव घेता, लाज नाई वाटत?" तेव्हापासून तेच. बाहेरच्या गिऱ्हाइकासमोर आम्ही मोठ्याने मोजत नाही. योगेंद्र सहाव्या वर्षी पोत्यावर बसून असाच मोजायला शिकला. शाळेतही "रुख्मा, दोन, तीन" म्हणाला; कशाचं ते तिथे कोणालाच कळलं नाही, गुरुजींचा मार खाऊन आला.

रीताला प्रश्न दिला — गोदामात पहिल्या गठ्ठ्याला काय म्हणतात? तिने उत्तर लिहून घेतलं. विचारलं, हे आणखी कोणाला माहीत आहे? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, आमच्या गोदामाबाहेर कोणालाच नाही.

१९ नोव्हेंबर

काही नाही.

२१ नोव्हेंबर

काही नाही. रुख्माने गहू दळून आणले.

२३ नोव्हेंबर

आलं! उत्तर आलं!

चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं — रुख्मा. रीताने तीनदा वाचून दाखवलं. मी रुख्माला हाक मारली. ती आली, ऐकलं, आणि पदर तोंडावर घेऊन खालीच बसली. मग म्हणाली, "माह्यं नाव घेतलं त्यानं."

रीताने बजावलं, पेढे वाटू नका, अजून घरी आला नाही. एकेक शब्द सांभाळून बोलत होती. विचारलं, अक्षर त्याचंच आहे का? म्हणाली, अक्षर मध्यस्थाचं. त्याने तोंडी ऐकून लिहिलं. कोणाच्या तोंडून? ते मी विचारलं नाही. आयुष्यात कधी नमुना हातात घेतल्याशिवाय माल घेतला नाही. आज घेतला.

२४ नोव्हेंबर

गजेंद्र परत आला. "डॉक्टरसाहेब..." मी मध्येच तोडलं. म्हणालो, डॉक्टर नाई तो. गोदाम पाह्यते. माह्यासारखाच. गजेंद्र बघतच राहिला. मला फार हलकं वाटलं. पोरगा आला की पहिले हेच सांगायचं — तुह्या धंद्याची मले लाज वाटे, आता नाई वाटत.

रुख्माने त्याच्या खोलीतली गादी उन्हात टाकली.

२८ नोव्हेंबर

फोन अकराला नाही, सकाळी आठलाच आला.

इद्रिस सुटला. एकटा. योगेंद्र पहिल्याच दिवशी गेला, गाडीजवळच, गोळी लागून. ते लपवायचं म्हणून पकडणाऱ्यांनी त्यालाही उचलून नेलं आणि प्रश्न ड्रायव्हरला विचारला. त्याला उत्तर येत होतं.

मी म्हणालो, त्याले कसं येईन?

रीता रडत होती. म्हणाली, अंकल, तिथल्या गोदामात सगळेच असं मोजतात. हमाल, ड्रायव्हर, चौकीदार. योगेंद्रने शिकवलं. त्यांना वाटतं, तुमच्याकडे एकाला रुख्माच म्हणतात.

हेच ऐकवत होता तो मला. दिवाळीला.

आत ती चहा गाळते आहे. कपांचा आवाज येतो आहे. तिला हाक मारायची आहे. उभ्या जन्मात हजारदा घेतलेलं नाव — आज तोंडातून निघत नाही.