तोंडातल्या टाचण्या

चिरंजीव पळपुट्यास,

अरे, आज माझ्या दुकानात कोण आलं असेल? तीच, गोळाफेकवाली. जिच्या फोटोखाली तू लिहिलंस, "यात गोळा कोणता आणि फेकणारी कोणती?" आणि सगळं जग तुझ्यावर तुटून पडलं, तुला संघातून काढलं.

भिंतीवर तुझा धावतानाचा फोटो आहे. तो पाहूनही ती थांबली. जर्सी खांद्यात सैल करून हवी होती. काय खांदे आहेत रे तिचे! मी पाठीवरून टेप फिरवली. माप बरोबर यावं म्हणून तिने गोळा फेकायचा पवित्रा घेतला, तर माझं दुकान एकदम काडेपेटीएवढं वाटायला लागलं.

मग म्हणाली, "तुमच्या भाच्याचं वाक्य वाचून आधी मलाच हसू आलं. मग आई रडायला लागली. असं सुचतं तरी कुठून हो त्याला?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. ती जाईपर्यंत मी एकही काढली नाही.

टीव्हीसमोर बसून ते वाक्य बोलले होते मी. तू हसून हसून खुर्चीवरून पडला होतास. कॅमेऱ्यापुढे मात्र म्हणालास, "मलाच सुचलं."

हे पत्रही आधीच्या दोन पत्रांसारखं बॉबिनच्या डब्यातच जाईल. लहानपणी सारखा धावायचास, म्हणून मी तुला पळपुट्या म्हणायला लागले. नाव चुकीच्या माणसाला ठेवलं रे.

तुझी,
आत्या