ब-४ आणि काचेची पट्टी

रवि., ४ जाने.

निगडीचा वरच्या मजल्यावरचा हॉल, मंडळाचा रविवारचा नाच, गाणी लावायला मी. आज फ्लोअर तिसऱ्या गाण्याला भरला. एकसष्ट डोकी, मोजली. सगळे आमच्या कारखान्यातल्या प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा ठोकायच्या विभागाचे, निवृत्त नि त्यांच्या बायका. क्रम नेहमीचाच: अ-१ (नुसता बेस, कोणी उठत नाही पण खुर्चीखाली पाय हलायला लागतात), मग अ-६ (ट्रम्पेट, बायका उठतात, बायका उठल्या की पुरुष झक मारत येतात), आणि मग ब-४.

ब-४ला चाळीस वर्षं झाली. प्रेस लाइन बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर जाताना मला दोन कॅसेटी देऊन गेला, त्यातल्या ब बाजूचं चौथं. कॅसेटी कधीच गेल्या, गाणी पेन ड्राइव्हवर आली, नंबर तेच राहिले. आधी नुसत्या आठ टाळ्या, मग बेस, मग ती बाई गायला लागते. आजवर एकदाही फ्लोअर रिकामा राहिला नाही. माझी बायको मंगल तर आज गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हेच विसरली. तिची बहीण गेल्यापासून घरात सहा महिने धड बोलली नव्हती, रविवारच्या या दोन तासांनी तिला उठवलं. हे मी कोणाला सांगत नाही.

निघताना खालच्या अभ्यासिकेतली प्रतीक्षा जिन्यात आडवी आली. लातूरकडची, स्पर्धा परीक्षेला बसणारी. वही पुढे केली. पानावर पांढरी भुकटी.
"काका, वरून चुना पडायलाय. तुमचं ते टाळ्यांचं गाणं लागलं की पडायलाय."
हसलो. मग हसू आवरलं.

मंगळ., ६ जाने.

टॉर्च घेऊन अभ्यासिकेत गेलो. पोरं खाली माना घालून वाचत होती, मी वर मान करून. बीम जिथे कॉलमला मिळतो तिथून भेग निघालीय. हातभर असेल. प्रतीक्षाच्या टेबलाच्या बरोब्बर वर.

प्रेस शॉपमध्ये मशीनच्या पायाला भेग दिसली की आम्ही तिच्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवायचो. काच शाबूत तर भेग जुनी आणि निवांत. काच फुटली तर भेग चालू आहे. मीटर नको, साहेब नको. तीच पट्टी आज इथे लावली. कोपऱ्यात पेनाने सही, सु., आणि तारीख.

हॉलचे मालक बाळासाहेब खाली उभे राहून बघत होते. इथल्या जुन्या गावातले, कारखान्यांसाठी जमीन गेली तेव्हा त्यांच्या वडिलांनी ही इमारत बांधली.
"अवो साहेब, प्लास्टरची फट हाय ती. आमच्या म्हाताऱ्यानं उभं राहून बांधून घेतलंय. तुमी नाचा बिनघोर."
त्यांना काचेचं सगळं समजावून सांगितलं. मन लावून ऐकलं त्यांनी. इतकं मन लावून कोणी ऐकत नाही हल्ली, बरं वाटलं.

रवि., ११ जाने.

म्युझिक सिस्टीमच्या टेबलावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला. काठोकाठ. गाणी कमी ऐकली, पेल्याकडे जास्त पाहिलं.

अ-६ला पन्नासेक माणसं फ्लोअरवर, पाणी जवळजवळ स्थिर.
ब-७ (सोल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं आर्त गाणं; संथ, जोडीजोडीने डुलायचं) साठ माणसं, पाणी तसंच.
ब-४. पहिल्या कडव्यापर्यंत काही नाही. मग सगळ्यांनी चौथ्या ठोक्याला डावा पाय आपटला आणि पाणी टेबलावर सांडलं.

म्हणजे वजनाने होत नाही. साठ माणसं आपापली नाचली तर स्लॅब सहज पेलतो. साठ माणसं एका क्षणी पाय टाकतात तेव्हा तो हलतो. आणि ही माणसं कशी! तीस-तीस वर्षं प्रेसच्या ठोक्यावर हात आत-बाहेर केलेली. ठोका चुकला की बोट गेलं. यांच्यासारखं एकसाथ पाऊल दुसरं कोणी टाकणार नाही.

डावा पाय मीच शिकवला. दोन वर्षांपूर्वी, पहिल्याच महिन्यात. ओळी करून उभं केलं आणि म्हणालो, चौथ्याला असा आपटा की खालच्यांना कळलं पाहिजे.

मंगळ., १३ जाने.

अभ्यासिकेत डोकावलो. खालूनच पाहिलं. काच शाबूत आहे. हुश्श. येताना चितळ्यांची बाकरवडी नाही, साधी भेळ घेतली नि बसस्टँडवर उभ्याउभ्या खाल्ली. उगाच घाबरलो इतके दिवस.

गुरु., १५ जाने.

काल तिळगूळ वाटायला पवार आला होता. मंडळाचा सेक्रेटरी, माझ्याच शिफ्टचा. पंचवीस तारखेला मंडळाला दोन वर्षं होतात, तेव्हा तळेगाव, चाकणकडचे जुने लोकही बोलवायचे म्हणतो. दीडशे होतील. "सुधा, त्या दिवशी ब-४ दोनदा लाव. नाही, तीनदा."

काच शाबूत होती, तरी सांडलेला पेला आठवला. पवारला म्हटलं, ब-४ नको त्या दिवशी. तो गेल्यावर मंगल म्हणाली, "तुम्हाला कशात ना कशात भेग दिसतेच. भाचीच्या लग्नातही मांडवाचे बांबू मोजत होता."
मोजले होते हे खरं आहे. एक कमी होता हेही खरं आहे.

दुपारभर मोबाइलवर सोलच ऐकलं. वडील भीमगीतं म्हणायचे, वस्तीत आम्ही पोरं कोरसला. त्यांनी ओळ टाकायची, आम्ही ती उचलायची, आणि तिसऱ्यांदा उचलली की बसलेली माणसं आपोआप उभी राहायची. त्या परदेशी कॅसेटीत पहिल्यांदा ते कोरस ऐकलं तेव्हा भाषेचा एक शब्द कळला नव्हता, पण म्हटलं, अरे, हे तर आपल्याकडचंच. फ्लोअर भरायची अक्कल मला डिस्कोने नाही दिली, वडिलांनी दिली. आणि भरलेला फ्लोअर बघून जो माज चढतो, तो माझा स्वतःचा.

रवि., १८ जाने.

ब-४ लावलं नाही. सगळी संथ गाणी. ब-७, अ-३, ब-२. अर्धे लोक खुर्च्यांवर. पवार टेबलापाशी आला, "काय राव, कोणाचा दहावा आहे का आज?" लोक हसले. मंगल हसली नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. संत तुकाराम नगर येईपर्यंत मान वळवली नाही. पुन्हा तसं घर नको मला. तिला तसं बघण्यापेक्षा... जाऊ दे.

सोम., १९ जाने.

आज चष्मा लावून, टेबलावर चढून, काच जवळून पाहिली.

शाबूत आहे. कोपऱ्यात सही नाही. तारीख नाही.

दोनदा पाहिलं. प्रतीक्षा खालून म्हणाली, "ती नवी हाय की काका. पहिली फुटली ना. मालकांनी गेल्या सोमवारीच बदलली, माझ्याच टेबलावर चढून."

म्हणजे अकराच्या ब-४ने फुटली. बाराला बदलली. तेराला मी खालून, चष्मा न लावता बघितली आणि भेळ खाल्ली.

बाळासाहेबांकडे गेलो. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाची रेघ नाही. उलट चहा मागवला.
"व्हय, मीच बदलली. तुमीच म्हणला व्हता ना साहेब, काच शाबूत तर धोका न्हाई? मग? शाबूत काच लावून टाकली. चांगली जाड आणलीया, फुटायची न्हाई."
संतापाने चहा तसाच ठेवून उठलो. ते मला फसवत नव्हते. काच नीट ठेवली की इमारत नीट राहते, असंच त्यांना वाटलं होतं आणि अजून वाटतं.

मंगळ., २० जाने.

मंडळाची बैठक, पवारच्या घरी. सगळं सांगितलं: पेला, पाय, काच. मग पवार म्हणाला, "सुधा, चाळीस वर्षं आपण दोन हजार टनाच्या प्रेसशेजारी उभे होतो. तेव्हा काही झालं नाही, आणि आता नाचून मरणार?" सगळे हसले. मेलेल्या भीतीवर हसावं तसं. एकजण म्हणाला, ब-४ वाजवायचं नाही म्हणून भेग काढलीय यानं.

म्हटलं, ओळखीचे इंजिनिअर सत्तावीसला येतायत, तोवर थांबा. पवार म्हणाला, आमंत्रणं गेली. गाणी त्याची सून लावेल, लॅपटॉप आहे तिच्याकडे.
"आणि गाणी कुठली लावणार?"
"तुझीच रे. पेन ड्राइव्ह हॉलवरच आहे की, तुझ्या क्रमाने."

माझ्या क्रमाने. फ्लोअर भरायचा हमखास क्रम.

गुरु., २२ जाने.

हॉलला कुलूप. पेन ड्राइव्ह काढून आणायला गेलो होतो. बाळासाहेब म्हणाले, किल्ली पवारांकडं दिलीया. पवार फोन उचलत नाही.

शनि., २४ जाने.

प्रतीक्षाला म्हटलं, उद्या इथे बसू नकोस. "परीक्षा तोंडावर हाय काका. दुसरीकडं जागा कुठाय?" म्हटलं, आमच्या घरी ये, डायनिंग टेबल मोकळं आहे, मंगल हॉलवर असेल, मी पण नसेन, किल्ली घे. बाकीच्या पोरांनाही एकेक करून सांगितलं. चार जणांनी ऐकलं. दोघं म्हणाले, रविवारी तसंही गावी जातोय. खोली रिकामी राहील.

घरी आलो तर मंगल हिरव्या साडीला इस्त्री करत होती.
"जाणार आहेस?"
"जाणार."
"डावा पाय आपटू नकोस, एवढंच सांगतो."
"मी एकटीने नाही आपटला तर काय फरक पडणार आहे?"
एकाने फरक पडत नाही, हे मीच पेल्यात बघितलंय.

रवि., २५ जाने.

सकाळ. झोप नाही. फ्लोअर रिकामा करणारं गाणं कुठलं, याचाच विचार. चाळीस वर्षांत एकही लक्षात ठेवलं नाही. कधी गरज पडली नाही.

दु. ३.४०. अभ्यासिका. प्रतीक्षाच्या खुर्चीवर बसलोय. भेग बरोब्बर डोक्यावर. वही तिच्याच टेबलावर.

मघाशी जिन्यात पवार भेटला. त्याला सांगितलं, मी खाली भेगेखाली बसतोय, कार्यक्रम संपेपर्यंत. वाजवायचं ते वाजवा. "नाटकं करू नको सुधा." नाटक नाही म्हटलं, काच आहे. मालकाने बसवलेली जाड काच फुटणारच नाही, मग भेग वाढली तरी कळायचं नाही. मी फुटलो तर कळेल. वेड्यासारखं बोललो असेन.

मंगल त्याच्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, खालच्या खोलीत पाहिलं, छताकडे पाहिलं. "तिथे बसू नका," म्हणाली. म्हटलं, तू वर जाऊ नकोस, मी बसत नाही. तिने पदर खोचला आणि वर गेली. रागाने गेली की पवारला काही सांगायला गेली, चेहऱ्यावरून कळलं नाही. पस्तीस वर्षांचा संसार, आणि कळलं नाही.

४.१०. अ-१. सुनेने माझाच क्रम लावलाय. खालून पहिल्यांदाच ऐकतोय. गाणं असं ऐकूच येत नाही, नुसता बेस भिंतीतून उतरतो. खुर्च्या सरकतायत. खूप खुर्च्या.

४.१५. अ-६. बायका उठल्या. चपला कोपऱ्यात ठेवल्याचा आवाजही येतो. आता पुरुष. ओळखू येतायत काही पावलं. पवार टाच घासतो. मंगलचं एक पाऊल जड, एक हलकं. तेही आहे. फिरतंय फ्लोअरभर, एकाकडून दुसऱ्याकडे. नाचतेय की एकेकाच्या कानात सांगत फिरतेय?

भुकटी अजून नाही.

४.१९. अ-६ संपलं. वर गलका. कोणीतरी माइकवर ओरडलं, ओळी करा. ओळी होतायत, ऐकू येतंय. दीडशे माणसं. मांडणी मी शिकवली तशीच.

जड-हलकं पाऊल माझ्या डोक्यावर येऊन थांबलंय. भेगेच्या वर. हलत नाही तिथून.

टाळ्या. एक, दोन. पहिली भुकटी पानावर पडली, हे अक्षर तिच्यावरच उमटतंय. पाच. सहा. मंगल जागची हलली नाही. आठनंतर बेस, मग पहिलं कडवं, आणि मग चौथ्याला