अठ्ठेचाळीसपैकी पंचेचाळीस

३ मार्च

ती. जाऊबाईंना,

सा. न. वि. वि. साष्टांग घालायला गुडघा वाकत नाही, तेव्हा हा नमस्कार उभ्यानंच समजा.

भावोजींनी फोनवर सांगितलं, हॉस्पिटलच्या फॉर्मात तुमचे अठ्ठेचाळीसपैकी पंचेचाळीस आले. ऐकलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. एकाच आठवड्यात, एकाच डॉक्टरनं, शेजारशेजारच्या खाटांवर आपले गुडघे बदलले. वर्ष झालं. बारा प्रश्न दोघींना तेच. मोजे आपले आपण घालता का, बाजार एकटीनं करता का, जिना चढता का. तुम्ही म्हणे दुकानातून वर घरात ‘सहज’ चढता. माझे अठ्ठावीस! मी जे आहे तेच लिहिलं. शिलाई मशीन अर्धा तास चालवलं की गुडघा ठणकतो, आणि पडलेली सुई उचलायला ह्यांना हाक मारावी लागते.

गुण कमी म्हणून हॉस्पिटलनं मला परत बोलावलं, नापास पोरीला शाळा सुटल्यावर बसवून ठेवतात तसं. फोटो काढला, व्यायाम लावले. तुम्हाला कशाला कोण बोलावतंय? लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. तुमचं विणकाम सरळ, तुमची मुलं हुशार, आता गुडघासुद्धा तुमचाच चांगला.

जळतेय, लपवत नाही. लोभ आहे, वाढवायचा की कसं ते तुमचं उत्तर बघून ठरवीन.

तुमची धाकटी


११ मार्च

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून हसू आलं. गुडघ्याचा कसला गं हेवा? माझं छान चाललंय. दिवसभर गल्ल्यावर बसते, वह्या-पेनं विकते. खाट मात्र वरून खाली आणली, दुकानामागच्या खोलीत. तिथं हवा चांगली येते. गच्चीवरचे गुलाब शेजारणीला देऊन टाकले, एवढ्या कुंड्यांचा कंटाळाच आला होता.

तू काठी टाकलीस, एकटी रस्त्यानं फिरतेस, असं हे सांगत होते. व्यायाम मन लावून कर आणि धुसफूस कमी कर. मोठी म्हणून बोलते, राग धरू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझी जाऊबाई


१५ मार्च

ती. जाऊबाईंना,

नमस्कार. तुमचं पत्र चार वेळा वाचलं. प्रेमानं नाही, खोट काढायला. आणि सापडली.

दुकानामागच्या खोलीला खिडकी कुठाय? कागदाच्या थप्प्यांतून हवा येते वाटतं. आणि गुलाब! एक फूल तोडलं म्हणून तुम्ही महिनाभर माझ्याशी अबोला धरला होता. ते गुलाब शेजारणीला? जाऊबाई, तुम्हाला जिना चढता येत नाही. भावोजींचीही कमाल आहे, समोरच्या बायकोपेक्षा त्यांना कागद खरा.

फॉर्म बघणाऱ्या बाईंना मी फोन लावला. तुमचं नाव नाही घेतलं. त्या म्हणाल्या, ज्यांचे गुण कमी त्यांना आम्ही लगेच बोलावतो; चांगले असले की पुढचा फॉर्म एकदम पाच वर्षांनी. पाच वर्षं! आत गुडघ्याचा भुगा झाला तरी त्यांच्याकडे तुमचा नंबर पहिलाच.

तेव्हा आजच फोन करा आणि खरं सांगा. नाहीतर मी तिथं येते आणि सगळ्या गल्लीसमोर तुम्हाला जिना चढायला लावते. लोभाचं नंतर बघू.

धाकटी


२ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. हॉस्पिटलात जाऊन आले. सांधा आत सैल झालाय. सहा महिने मी सूज लपवत होते. पुन्हा ऑपरेशन करायचं ठरलंय, वीस तारखेला. आणखी उशीर झाला असता तर हाडच पुरेसं उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनी तोंडात मारल्यासारखा चेहरा केला.

खरं ऐकायचंय? फॉर्म आला त्याच सकाळी ह्यांनी सांगितलं की धाकटीनं काठी टाकली. मी तेव्हा भिंत धरून उभी होते. बसले, आणि बाराच्या बारा उत्तरं तुझ्या वर जायला लिहिली. आयुष्यभर तू माझा हेवा केलास. मला त्याची इतकी सवय झालीय की तो आता उलटा फिरेल, ह्याचीच धास्ती वाटली.

फॉर्म परत भरला. अकरा. हास आता. हसून झालं की माझी आठवण ठेव.

तुझी जाऊबाई


६ एप्रिल

ती. जाऊबाईंना,

नमस्कार. अकरा! तीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्या पुढे गेले. शेजारपाजारी सांगायला म्हणून बाहेर पडले आणि फाटकातूनच परत आले. असलं जिंकणं तुमचं तुम्हाला ठेवा.

एकोणीसला मी येते. शेजारणीकडून कुंड्या परत मागीन. दिल्या नाहीत तर उचलून आणीन. माझ्या गुडघ्याला झेपेल तशी एकेक करून सगळ्या तुमच्या गच्चीवर नेऊन ठेवीन, आणि खाली एक फूलसुद्धा आणून देणार नाही. बघायचे असतील तर जिना चढून या.

पुढच्या वर्षी फॉर्म माझ्यासमोर भरायचा. पंचेचाळीस आले तर खरे येऊ द्यात, म्हणजे मलाही मनासारखं जळता येईल.

लोभ वाढवलाय.

तुमची धाकटी