टॉवर कापायचा दिवस

४ नोव्हें., उमरगा
दुपारी पोचलो. गुडघ्यांमुळं अण्णांचं बाहेर जाणं बंद झालंय. खिडकीत बसून असतात. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं आपली तेलाची रिफायनरी. मला बघून पहिला प्रश्न, "शटडाऊन कवा संपतंय रे?"
धाकट्या भावाकडं पाहिलं. मल्लू चपला काढत राहिला. नंतर अंगणात म्हणाला, "दादा, विकली. भंगारात. त्यांना दुरुस्तीचं शटडाऊन चालू हाय असंच सांगितलंय. तू पण तेच सांग."
आयुष्यभर बातम्या दिल्या. घरातली ही दाबायची.

५ नोव्हें.
आत जाऊन आलो. बॉयलर गार. भुशाच्या ढिगात कुत्री व्यायलीय. टाकीच्या तळाशी, तेल शुद्ध करताना सुटणाऱ्या साबणाचा थर वाळून तडकलेला.
अण्णांनी करडईच्या घाण्यापासून सुरुवात केली. मग सरकी, मग सोयाबीन. मग बंदरावरून पामतेलाचे टँकर यायला लागले, आमच्यापेक्षा स्वस्त. बातमी असती तर दोन परिच्छेदांत संपली असती.
टॉवर तेवढा उभा. त्यात वाफेनं तेलाचा वास काढायचा. आई म्हणायची, "तेलाचा काढता, तुमच्या सदऱ्याचा कोण काढणार?"

६ नोव्हें.
परवा भंगारवाले टॉवर कापणार. मल्लूचा बेत: त्या दिवशी अण्णांना डोळे तपासायला मी त्याच्या गाडीतून सोलापूरला न्यायचं.
"आणि परत आल्यावर? दिसणार नाही त्यांना?"
"डोळ्यात औषध घातलेलं असतंय ना. एक दिवस तर जाईल."
म्हटलं, सांगून टाकू. चिडला. "तू सांगशील आन जाशील पुण्याला. हितं मला ऱ्हायचंय त्यांच्यासंगं."
खरं होतं.

८ नोव्हें.
डोळे ठीक. येताना सांगायचंच, असं ठरवलं होतं. नळदुर्ग गेलं तरी पावसापाण्याचंच बोलत होतो. जळकोटला अण्णा म्हणाले, "थांबव. चहा घेऊ."
चहा झाला. मी उठलो तर, "बस की." दुसरा चहा. ऊन उतरलं.
"निघायचं ना, अण्णा?"
"काय घाई हाय? कापून तर होऊ दे त्यांचं."
कुणी सांगितलं, म्हणून विचारलं.
"एवढं लांब शटडाऊन कोण घेतंय? तुझा भाऊ लई कच्चा हाय खोटं बोलायला." कप बाजूला सारला. "मला ठावं हाय म्हणून त्याला सांगू नको. रोज येऊन धीर देतो बिचारा. तेवढ्यासाठी तरी माझ्यापाशी बसतो."
घरापर्यंत मीही गाडी हळू चालवली.

९ नोव्हें.
खिडकीतून नुसतं आभाळ. मल्लू चहा घेऊन आला, पण अण्णांकडं बघेना.
अण्णाच म्हणाले, "टॉवर दुरुस्तीला धाडला काय रे?"
"व्हय, अण्णा. हैदराबादला."
"बरं केलंस. परत जोडताना मला बोलाव. तुम्हाला जमायचं न्हाय."
मल्लू परसात जाऊन नळाखाली तोंड धूत राहिला. कितीतरी वेळ.
संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "दादा, वाटेत अण्णा काही बोलले का?"
अजून उत्तर दिलेलं नाही. सकाळची पुण्याची एसटी आहे.