कालचीच फुलं

आई, आज कामावर एक पुष्कराज हातात आला आणि त्याचा पिवळा नेमका कोणता, ते मला सांगता येईना. शेजारची नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, नुसतं फिका पिवळा लिहू?" मी म्हणाले, "नको, दोडक्याच्या फुलाचा आहे." ती हसली. मग दिवसभर तूच डोळ्यांसमोर होतीस.

पुण्यात खडे निवडायच्या कामाला लागले, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी दोनदा चुकले होते. गडद माणकं फिक्या माणकांत गेली. साहेब म्हणाले, असंच चाललं तर दुसरं काम बघा. संध्याकाळी गावी, माणला घरी येऊन मी पायरीवर रडत बसले, तर तू मला हाताला धरून तेरड्याच्या रोपांत नेलंस. "एकटक बघतीस म्हणून चुकतंय. लई वेळ लालकडं बघितलं की डोळा दमतो, खोटं सांगतो. मदी हिरव्या पानाकडं बघावं, मग परत." तळहातावर गुलाबी तेरड्याची फुलं ठेवलीस आणि फिक्यापासून गडदपर्यंत लावून घेतलीस. शाळेचं तोंड न पाहिलेली तू! दुसऱ्या दिवसापासून टेबलावर मी एक पान ठेवू लागले. नोकरी टिकली ती त्या पानावर.

त्यानंतरच्या दिवाळीत तुझ्यासाठी हिरव्या खड्याची अंगठी आणली. तू ती बोटात घातलीस, खड्यावरून अंगठा फिरवलास आणि म्हणालीस, "लई ग्वाड जांभळा हाय गं. तेरड्यागत." मला वाटलं, थट्टा करतेस. मी हसले. मग दिसलं, तू माझ्याकडे बघत होतीस, पण नजर माझ्या कानाच्या जरा पलीकडे होती.

काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. रिक्षात मी तुझ्यावरच ओरडले, "सांगितलं का नाहीस?" तू पदर सारखा करत म्हणालीस, "तुजी नवी नोकरी. माज्यापायी खाडे कशाला? झाडं हाताला कळत्यात मला." दिवसभर रंग पारखणारी मी, आणि घरातलं एवढं मला दिसलं नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी चुलीपाशी बसून तू विचारायचीस, "सांग, आज काय काय फुललंय?" मी अंगणात फिरून यायचे आणि सांगायचे. गुलबक्षी अजून मिटली नाही, अर्धी पिवळी, अर्धी राणी. गोकर्ण अगदी नीलमासारखी. त्यावर तू म्हणायचीस, "नीलम मी कुटं बघितलाय? गोकर्णच सांग. पावसातली का उन्हातली?" आणि मला परत जाऊन नीट बघावं लागायचं. डोळे माझे, पण बघायला तूच लावायचीस.

तू गेल्यावर अंगणात भावाने खोल्या बांधल्यात, कंपनीतली मुलं भाड्याने राहतात. चांगली आहेत. एकाने रंगाच्या रिकाम्या डब्यात सदाफुली लावली आहे. तिला येता-जाता मी पाणी घालते.

हा कागद कुठे पाठवणार मी? म्हणूनच लिहिते. पुढे पुढे बसची घाई असायची. कितीतरी सकाळी मी अंगणात गेलेच नाही, आई. चहा गाळता गाळता कालचीच फुलं तुला सांगितली. तू डोळे मिटून, मान हलवत ऐकायचीस. अंगणाच्या दाराची कडी वाजली नाही, हे तुला कळत असणार. तेव्हाही मला ते ठाऊक होतं.