ताऱ्याबाहेरची वस्ती

प्रिय बाबा,

जयभीम. रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस, सही करून मोकळी हो. मी गप्प राहिले ते रागानं. तुम्ही होकार समजू नका.

आपल्या तालुक्यात नवं शहर येतंय, त्याचा आराखडा इथे परदेशात, आमच्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात झाला हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या शिरीष सरांना चारशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या आदर्श नगरांचं भारी वेड. नऊ टोकांचा तारा, मधोमध चौक, तिथून सरळ निघालेले रस्ते. कागदावर दृष्ट लागावी असं दिसतं. तसल्या एका ताऱ्यात राहायला कुणी जाईना, शेवटी कैदी सोडून तो वसवावा लागला, हे मात्र सर क्लायंटला सांगत नाहीत.

सफाई कामगारांची घरं ताऱ्याबाहेर आहेत. पूर्वेला, कचरा डेपोजवळ. आणि बाबा, ती तिथे मीच काढली. वारा पश्चिमेचा म्हणून डेपो पूर्वेला, कामाला जवळ म्हणून घरंही तिथेच. चार महिने त्या नकाशापुढे बसून काही दिसलं नाही. मग एकदा वुडलँड्सला घरी जाताना एमआरटीच्या गाडीत तुमचं बोलणं आठवलं. तीस वर्षं मोजणीदार म्हणून गावं मोजलीत तुम्ही. सांगायचात, नकाशात आधी वारा कुठे जातो ते बघ, तिकडे आपली वस्ती सापडेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रावसाहेब मोजणीदाराच्या पोरीनं पुन्हा गावकुसाबाहेर वस्ती आखली होती.

दुसऱ्याच दिवशी ती घरं मी चौकाला लावून काढली. इथे हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, ताटं उचलणारी आंटी आणि मी एकाच ब्लॉकमध्ये राहतो, एकाच लिफ्टनं चढतो. काही आभाळ कोसळत नाही. सर म्हणाले, चौकातल्या फ्लॅटना गिऱ्हाईक मिळणार नाही, जुनं परत आण आणि सही कर. मी नाही म्हटलं. काल आराखडा प्रसिद्ध झाला. जुनाच, दुसऱ्या कुणाच्या सहीनं.

आज सकाळी मी राजीनामा दिला. नोकरीबरोबर इथे राहायचा पासही जाईल, जाऊ दे. शनिवारी गावी येतेय, आणि रडत येत नाहीये. आराखड्यावर हरकती घ्यायला तीस दिवस आहेत. अर्ज लिहून ठेवलाय, ती वस्ती बाहेर कुणी काढली तेही माझ्या नावानिशी लिहिलंय. मला शिकवायचं म्हणून तुम्ही आयुष्यभर साहेबांच्या कागदांवर खाली मान घालून सह्या केल्यात. आता एक सही मान वर करून करा. अर्जाखाली पहिली जागा तुमच्यासाठी मोकळी सोडलीय.

तुमचीच,
दीक्षा