सूट घेणारी सहावी

मी, अल्मीरा थर्स्टन, कैलासवासी वेंडेल थर्स्टन यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, राहणार गाव विथरबी, न्यू हॅम्पशायर, आज स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, पोटभर नाश्ता करून, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मागे उभं नसताना हे लिहून ठेवते. १९८८ सालचं मृत्युपत्र रद्द. त्यात सगळं वेंडेलला दिलं होतं आणि तोच आधी गेला, म्हणजे तो खर्च वायाच गेला. माझी शाळा आठवीपर्यंत. वकील ग्रेनिए म्हणाले, "बाई, मुद्द्यापुरतं लिहा." मी विचारलं, "शब्दावर पैसे घेता का?" नाही म्हणाले. मग लिहिते.

कलम एक. माझं घेवड्याचं मातीचं भांडं बर्निस पाईकला द्यावं. दर मार्चला गावसभेचं जेवण आम्ही दोघी करतो. मी घेवडा आदल्या रात्री भिजत घालते, ती तयार घेवड्याचे डबे फोडून वर काकवी ओतते आणि "आजीच्या हातची कृती" म्हणते. भांडं रिकामं द्यावं. भिजत घालायला शिकेल ती.

कलम दोन. वेंडेलची सुतारकामाची हत्यारं, करवती, मेपलचा रस आटवायच्या दोन्ही कढया मुलाला, डुएनला.

कलम तीन. घर. इथे जरा लांबण लागेल, कारण डुएनला वाटतं घर त्याचं.

या गावात राजा नाही, आमदाराची वाट बघणं नाही. वर्षातून एकदा शाळेच्या व्यायामशाळेत सगळे बसतात आणि रस्त्याच्या खडीपासून बंबाच्या टायरपर्यंत एकेका खर्चाला हो किंवा नाही म्हणतात. चव्वेचाळीस वर्षं मी तिसऱ्या रांगेत बसून नाही म्हणत आले. मंदी आली की घरात चुलीवर एक भांडं कमी चढतं. सरकारने तेच करावं, एवढंच माझं राजकारण. वॉशिंग्टनहून पुलासाठी फुकटचे पैसे आले तेव्हाही मी नाही म्हटलं. फुकटचे म्हणजे आपल्या नातवंडांचे.

माझी नात मेरेडिथ, डुएनच्या गेलेल्या भावाची मुलगी, शेजारी बसून दर वेळी हो म्हणते. पुलाच्या वेळी मला सगळ्यांदेखत म्हणाली, "आजी, सगळ्यांनीच एक भांडं कमी चढवलं तर भांडी विकणाऱ्याने खायचं काय?" याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. सुचलं की पुरवणी जोडीन.

तर यंदाचा मार्च. अहवालात छापलं होतं की घरपट्टीत म्हातारपणाची सूट घेणारे मागच्या वर्षी पाच होते, यंदा सहा. मी उभी राहिले. म्हटलं, "गिरणी बंद, अर्धं गाव घरी बसलंय, आणि एकाची घरपट्टी शेजाऱ्यांच्या डोक्यावर? कोण हा सहावा?"

सभापती पर्ली कोल्बी म्हणाले, "अल्मीराबाई, हे जेवणानंतर घेऊ या का?"

"जेवण मीच केलंय. जागेवरच आहे ते. आत्ता घ्या."

"नावं वाचायची पद्धत नाही बाई."

"लाज वाटते म्हणूनच ना?"

तेवढ्यात डुएनने माझी बाही ओढली. "आई, खाली बस. सहावी तूच आहेस."

डिसेंबरात त्याने माझ्यापुढे कागद धरला होता. "लाकूडवाल्याची पावती आहे, कर सही." चष्मा जवळ नव्हता, मी केली. तो सूट मागायचा अर्ज होता. त्याची गिरणीतली नोकरी सुटली तेव्हापासून तो माडीवर राहतो. मी थंडीत शेगडी मंद ठेवते ते त्याला बघवेना.

माझे कान तापले. आणि उठलं कोण? मेरेडिथ. मला वाटलं, आता ही माझी फजिती पुरी करणार. ती म्हणाली, "सभापती, ही सूट माझ्या आजीच्या हक्काची आहे. तिने घ्यायलाच हवी, असं मी तिला दहा वेळा सांगितलंय. पण तिला नको असेल तर तिच्या गळ्यात बांधायचा अधिकार गावालाही नाही आणि माझ्या काकालाही नाही. तिचे सुटीत वाचलेले पैसे गावाने तिच्याकडून परत घ्यावेत, असा ठराव मी मांडते."

नऊशे बारा डॉलरचा चेक मी तिथेच लिहून दिला. गावाने देणगी घ्यायची तर मत लागतं. सगळी व्यायामशाळा "हो" म्हणून गरजली. पर्लीने रिवाजाप्रमाणे विचारलं, "विरोधात कोणी?" आणि चव्वेचाळीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही!"

"अल्मीराबाई," पर्ली म्हणाले, "पैसे तुमचेच आहेत."

इतकं हसले लोक की घेवडा गार झाला. मी तर डोळे पुसत होते. इतिवृत्तात "विरोधात एक" असं छापून येईल. कोणी खोडू नये.

तर घर आणि मागची मेपलची झाडं मेरेडिथला. डुएन, रुसू नकोस. तू मला फसवलंस ते माझे पाय गरम राहावेत म्हणून, हे मला कळतं. पण कॉफीच्या दुकानात सरकारला सगळ्यात मोठ्याने शिव्या तू देतोस, आणि पहिलं बिल आलं की फॉर्मही तूच शोधतोस. ही पोरगी माझ्या उलट मत देते, पण जे बोलते तेच करते आणि माझ्या तोंडावर करते. घर अशा माणसाच्या हाती टिकतं. माडी मात्र डुएनची, तो असेपर्यंत. त्याला कोणी उठवू नये. आणि शेगडी त्याला हवी तेवढी मोठी ठेवू द्यावी.

कलम चार. बँकेत असेल त्यातून मला साध्या लाकडी पेटीत वेंडेलशेजारी ठेवावं. उरेल ते डुएनला, नोकरी लागली तरी आणि नाही लागली तरी.

कलम पाच. मेरेडिथने दर मार्चला तिसऱ्या रांगेत माझ्या खुर्चीवर बसावं. हो म्हणावं की नाही, ते तिचं तिने ठरवावं. पुटपुटू नये. फक्त एकदा माझ्यासाठी नाही म्हणायचं: पर्ली कोल्बी मनाने हळवे आहेत, माझ्या नावाने गावाच्या पैशातून बाक बसवायचा ठराव ते आणणारच. तेव्हा मेरेडिथने उभं राहून, व्यायामशाळेच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं "नाही" म्हणावं.

आणि तरीही ठराव मंजूर झाला, तर घरपट्टी वेळेवर भरावी आणि जाऊन त्या बाकावर बसावं. गावाचं मत ते मत.

वरील मजकूर मी चष्मा लावून दोनदा वाचला आणि मगच सही केली.

अल्मीरा थर्स्टन

साक्षीदार: पर्ली कोल्बी (बाकाचं वाचून नाक शिंकरत होते)
आर्मांड ग्रेनिए, वकील

ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही म्हणतात. बर्निसला विचारलं, सही की भांडं? भांडं म्हणाली.

विथरबी, १४ एप्रिल २०१०. कर भरायची मुदत उद्या संपते. माझा गेला.